लहान गाडी, मोठे इंजिन

हलक्या छकड्याला दोन दांडगे बैल जुंपले, तर तो छकडा पूर्वीपेक्षा वेगाने धावू लागेल हे खरे. परंतु पहिल्याच खाचखळग्यात त्याचा आस वाकेल, चाकांचे आरे खिळखिळे होतील आणि उतार लागला म्हणजे गाडीवानाला बैल आवरणे कठीण होऊन बसेल. बैलांची ताकद वाढली म्हणून गाडीची ताकद आपोआप वाढत नाही. म्हणूनच जाणता शेतकरी नवे बैल विकत घेण्यापूर्वी घरच्या गाडीकडे एकवार नीट पाहून घेतो.

मोटारगाडीची गोष्टही अशीच आहे. लहान व हलक्या मोटारीत मोठे इंजिन बसवावे म्हणजे ती वाऱ्यासारखी पळेल, ही कल्पना अनेकांच्या मनात येऊन गेली आहे. कल्पना दिसावयास सोपी आहे. जुने इंजिन काढावे आणि त्या जागी नवे बसवावे, एवढेच तिचे स्वरूप. पण तसे करू पाहणाऱ्यांना पावलोपावली अडचणी आल्या. त्या अडचणींतून ज्यांनी वाट काढली, त्यांच्यापैकी एका मोटारीची कथा जगभर गाजली आहे. त्या मोटारीचे नाव ‘कोब्रा’.

ही कथा समजून घेण्यासाठी इंजिनाची थोडी ओळख असावयास हवी. मोटारीच्या इंजिनात पोकळ नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या खालीवर सरकतो. पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते, ठिणगी पडताच ते पेट घेते आणि तापलेल्या वायूंच्या दाबाने दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. दट्ट्याच्या ह्या सरळ गतीचे रूपांतर एका वाकड्या दांड्याच्या साहाय्याने फिरत्या गतीत होते व अखेर ती गती चाकांपर्यंत पोहोचते. सर्व सिलिंडरांतील दट्टे आपल्या एका फेरीत जितकी जागा व्यापतात, तिच्या घनफळावरून इंजिन लहान की मोठे ते ठरते. हे घनफळ घनसेंटिमीटरांत किंवा लिटरांत मोजतात. घनफळ जितके अधिक, तितके मिश्रण अधिक मावते. मिश्रण अधिक जळले म्हणजे जोरही अधिक मिळतो. हा जोर सामान्यतः अश्वशक्तीत सांगतात.

इंग्लंडमध्ये लंडनजवळ थेम्स डिटन नावाचे गाव आहे. तेथे ‘ए. सी. कार्स’ ही मोटारी बनविणारी एक जुनी कंपनी होती. कारखाना लहान, कामगार थोडे, परंतु काम मोठ्या निगुतीचे. अपंग माणसांसाठी लागणाऱ्या तीनचाकी गाड्याही तेथे तयार होत असत. १९५३ मध्ये ह्या कंपनीने ‘एस’ नावाची एक छोटी, उघडी, दोन माणसे बसतील अशी स्पोर्ट्स मोटार लोकांसमोर आणली. जॉन टोजेरो ह्या तंत्रज्ञाच्या आराखड्यावरून तिचा सांगाडा बनविलेला होता. पोलादाच्या दोन लांब नळ्या हा त्या सांगाड्याचा मुख्य आधार. त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे, कारागिरांनी हाताने ठोकून आकाराला आणलेले अंग. गाडी दिसावयास देखणी होती, वजनाने हलकी होती आणि वळणांवर रस्ता घट्ट धरून राहत असे.

ह्या गाडीत एकच उणीव होती आणि ती म्हणजे तिचे इंजिन. दोन लिटरांचे ते सहा सिलिंडरांचे इंजिन १९१९ मध्ये प्रथम तयार झालेले होते. त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. तरी त्याची शक्ती शंभर अश्वशक्तींच्या आसपासच घुटमळत राहिली. पुढे १९५६ पासून कंपनीने ब्रिस्टल ह्या दुसऱ्या इंग्रज कंपनीचे दोन लिटरांचेच, पण अधिक जोरकस इंजिन घेण्यास आरंभ केला. गाडीला त्यामुळे शर्यतींत चांगले यश मिळू लागले. परंतु १९६१ च्या सुमारास ब्रिस्टलने ते इंजिन बनविणे सोडून दिले. आता गाडी आहे, पण तिला साजेसे इंजिन नाही, अशी ए. सी. कार्सची स्थिती झाली. केन रड नावाच्या शर्यतपटूने फोर्ड झेफिर ह्या साध्या घरगुती मोटारीचे अडीच लिटरांहून किंचित मोठे इंजिन बसवून पाहिले. तेही बरे चालले. परंतु अशा गाड्यांना गिऱ्हाइके फार थोडी मिळाली.

त्याच सुमारास अटलांटिक महासागरापलीकडे अमेरिकेत एक मनुष्य निराळ्याच विवंचनेत होता. त्यांचे नाव कॅरॉल शेल्बी. टेक्सस राज्यात १९२३ मध्ये जन्मलेल्या शेल्बींनी अनेक उद्योग करून पाहिले होते. त्यांनी कुक्कुटपालनाचा धंदा केला, तो कोंबड्यांना रोग होऊन बुडाला. त्यानंतर ते मोटार-शर्यतींकडे वळले आणि तेथे मात्र त्यांनी नाव कमावले. फ्रान्समधील ल मां येथे दरवर्षी चोवीस तासांची शर्यत होते. मोटारीच्या व माणसाच्या चिकाटीची ती मोठी कसोटी मानली जाते. १९५९ ची ती शर्यत शेल्बी आणि रॉय साल्वाडोरी ह्या जोडीने जिंकली. परंतु शेल्बींचे हृदय दुबळे होते. छातीत कळा येत. १९६० मधील काही शर्यती त्यांनी जिभेखाली औषधाच्या गोळ्या ठेवून पुऱ्या केल्या. अखेर त्या वर्षाच्या शेवटी त्यांना शर्यतींचा कायमचा निरोप घ्यावा लागला. ज्या विद्येवर नाव मिळाले ती आता उपयोगाची नव्हती, गाठीला पैसाही फारसा नव्हता. मोटार चालविता येत नसेल तर मोटार बनवावी, असा त्यांनी निश्चय केला.

शेल्बींच्या मनातील कल्पना अगदी नवी नव्हती. सिडनी अलार्ड ह्या इंग्रज गृहस्थांनी १९५० च्या सुमारास आपल्या हलक्या गाड्यांत कॅडिलॅकसारखी मोठी अमेरिकन इंजिने बसविण्याचा प्रयोग केला होता. १९५० च्या ल मां शर्यतीत अशा एका गाडीने तिसरा क्रमांक मिळविला. शेल्बींनी आपल्या उमेदीच्या काळात अलार्डच्या गाड्या चालविल्या होत्या. त्यांचा जोर आणि त्यांचे दोष ह्या दोहोंचा त्यांना अनुभव होता. त्या काळची मोठी अमेरिकन इंजिने जाड बिडाची व फार वजनदार असत. असे धूड गाडीच्या पुढच्या भागात बसविले म्हणजे गाडीचे नाक जड होते. तराजूचे एक पारडे जड झाले म्हणजे जशी दांडी कलते, तसा गाडीचा तोल पुढे झुकतो आणि वळण घेताना ती चालकाच्या मनाप्रमाणे वळत नाही. तेव्हा शक्तीने मोठे पण वजनाने बेताचे असे इंजिन शेल्बींना हवे होते.

१९६१ च्या सप्टेंबर महिन्यात शेल्बींनी ए. सी. कार्सचे चालक चार्ल्स हरलॉक ह्यांना पत्र लिहिले. ‘एस’ मोटारीत आठ सिलिंडरांचे अमेरिकन इंजिन बसेल असे फेरफार आपण करून द्याल काय, असा त्या पत्राचा आशय होता. योग्य इंजिन मिळत असेल तर आमची तयारी आहे, असे उत्तर आले. शेल्बींनी प्रथम शेव्हरोले कंपनीकडे इंजिने मागितली. पण त्या कंपनीची स्वतःची ‘कॉर्व्हेट’ ही स्पोर्ट्स मोटार बाजारात होती. आपल्याच गाडीला प्रतिस्पर्धी कोण निर्माण करील? तिने नकार दिला. फोर्ड कंपनीची गोष्ट वेगळी होती. कॉर्व्हेटला मागे टाकील अशी गाडी फोर्डजवळ नव्हती आणि नुकतेच तिने एक नवे आठ सिलिंडरी इंजिन सिद्ध केले होते.

ह्या इंजिनाचे वैशिष्ट्य त्याच्या ओतकामात होते. बिडाचे ठोकळे ओतण्याची कला इतकी सुधारली होती, की सिलिंडरांच्या भिंती पूर्वीपेक्षा पातळ ठेवूनही त्या पुरेशा मजबूत होत. त्यामुळे इंजिन मोठे असूनही त्याचे वजन आटोक्यात राहिले. आठ सिलिंडर एकाच ओळीत न मांडता चार-चारांच्या दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या दोन बाजूंप्रमाणे तिरप्या मांडलेल्या होत्या. त्यामुळे इंजिनाची लांबी कमी झाली. ह्या इंजिनाचा एक प्रकार ३·६ लिटरांचा होता. त्याहून मोठा प्रकार ४·२ लिटरांपेक्षा थोडा अधिक, म्हणजे ‘एस’च्या मूळ इंजिनाच्या दुपटीहून मोठा होता. त्याचा शर्यतीच्या धाटणीचा नमुना २६० अश्वशक्ती देऊ शकत असे. म्हातारा घोडा सोडून एकदम तरण्याबांड घोड्यांची चौकडी जुंपावी, तसाच हा प्रकार होता.

आता खरी परीक्षा थेम्स डिटनच्या कारागिरांची होती. इंजिनासाठी जागा करून देणे एवढेच त्यांचे काम नव्हते. इंजिनापासून रस्त्यापर्यंत शक्तीचा जो प्रवास होतो, त्या वाटेवरील प्रत्येक भाग त्यांना नव्याने तपासावा लागला.

पहिला प्रश्न सांगाड्याचा. इंजिन जेव्हा चाके फिरविते, तेव्हा सांगाड्यालाही पीळ बसतो. ओला टॉवेल पिळताना तो जसा दोन टोकांना उलटसुलट वळतो, तसा गाडीचा सांगाडा सूक्ष्म प्रमाणात वळू पाहतो. शक्ती दुप्पट झाली म्हणजे हा पीळही वाढतो. म्हणून सांगाड्याच्या नळ्यांची जाडी वाढविण्यात आली व जागोजाग आडवे आधार जोडण्यात आले.

दुसरा प्रश्न मागच्या आसाचा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध दात्यांच्या चक्रांची एक पेटी असते. इंजिनाकडून आलेली गती ती दोन्ही चाकांना वाटून देते. शिवाय वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे चाक अधिक फिरले पाहिजे, ही सोयही तिच्यातच असते. जुन्या पेटीचे दाते नव्या इंजिनाचा पीळ सोसू शकले नसते. म्हणून तेथे अधिक भक्कम पेटी बसविण्यात आली आणि चाकांचे तुंबेही मजबूत करण्यात आले.

तिसरा प्रश्न सुकाणूचा. ‘व्ही’ आकाराचे इंजिन लांबीला कमी असले तरी रुंदीला अधिक असते. पूर्वी उभ्या, अरुंद इंजिनाच्या शेजारी सुकाणूची पेटी सुखाने बसत असे. आता ती इंजिनाच्या आड येऊ लागली. म्हणून ती बाहेरच्या बाजूला सरकवावी लागली. सरळ पट्टीवरील दात्यांनी चालणारी अधिक अचूक अशी सुकाणूची रचना पुढे १९६३ मध्ये करण्यात आली.

चौथा प्रश्न ब्रेकांचा, आणि माणसाच्या जिवाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. धावत्या वस्तूच्या अंगी ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला म्हणजे ही ऊर्जा दुप्पट होत नाही, ती चौपट होते. वेग तिप्पट झाला तर ऊर्जा नऊपट होते. गाडी थांबवावयाची म्हणजे ही सारी ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलून हवेत सोडून द्यावयाची. साहजिकच ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर जितक्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर ताशी १२० किलोमीटर वेगाच्या गाडीला लागते. नवी गाडी ताशी २४० किलोमीटरांच्या आसपास वेग घेणारी होती. तेव्हा चारही चाकांना चकतीचे ब्रेक देण्यात आले. चकती उघडी असल्याने तिला वारा लागतो व ती लवकर निवते. तापून ब्रेक निकामी होण्याचा धोका त्यामुळे पुष्कळच कमी होतो.

पाचवा प्रश्न उष्णतेचा. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी केवळ चौथा ते तिसरा हिस्सा गाडी हाकण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते किंवा इंजिन तापविते. इंजिन मोठे झाले की ही फुकट जाणारी उष्णताही वाढते. परंतु गाडीचे नाक मात्र पूर्वीइतकेच लहान राहते. त्यात पाणी थंड करणारा रेडिएटर कितीसा मोठा बसणार? पुढे पुढे पुढच्या चाकांवरील पत्र्याला बाजूंनी झरोके ठेवण्यात आले, ते आत कोंडलेली तप्त हवा बाहेर पडावी म्हणूनच.

इतकी सिद्धता झाल्यावर इंग्लंडमध्ये गाडीची चाचणी घेण्यात आली. नंतर १९६२ च्या फेब्रुवारी महिन्यात इंजिन नसलेली ती पहिली गाडी विमानाने अमेरिकेत लॉस एंजेलिसला पोहोचली. जवळच सँटा फे स्प्रिंग्ज येथे डीन मून ह्या गृहस्थांचे मोटार-दुरुस्तीचे दुकान होते. तेथे शेल्बी व त्यांचे सहकारी ह्यांनी आठ तासांच्या आत फोर्डचे इंजिन व गियरपेटी गाडीत बसविली आणि लागलीच ती रस्त्यावर काढली. आठ तासांची ही हकिकत लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. परंतु त्या आठ तासांमागे थेम्स डिटनच्या कारागिरांचे महिनोन्‌महिन्यांचे श्रम होते, हे विसरून चालणार नाही. इंजिन इतक्या झटपट बसले, कारण गाडी त्यासाठी आधीच तयार केलेली होती.

शेल्बींनी गाडीचे नाव ‘कोब्रा’ ठेवले. हे नाव आपल्याला स्वप्नात दिसले, असे ते सांगत. प्रारंभी त्यांच्याजवळ ही एकच गाडी होती. वृत्तपत्रे व मासिके ह्यांचे प्रतिनिधी गाडी पाहावयास येत, तेव्हा ते तिला निरनिराळे रंग देऊन पुढे करीत. पुष्कळ गाड्या तयार झाल्या आहेत, असा वाचकांचा समज व्हावा, ही त्यामागील युक्ती होती.

रंग बदलून लोकांना भुलविता येते. शर्यतीच्या मैदानाला मात्र भुलविता येत नाही. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे कोब्रा प्रथमच शर्यतीत उतरली. तिचे चालक होते बिली क्राउझ. समोर कॉर्व्हेटच्या नव्या कोऱ्या गाड्या होत्या. कोब्राने त्यांना मागे टाकले व ती आघाडीवर राहिली. विजय आता हाती येणार असे वाटत असतानाच मागच्या चाकाजवळचा एक भाग मोडला आणि गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन ठणठणीत होते. त्याची शक्ती जेथे चाकाला मिळते, तो दुवाच तुटला होता. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, ह्याचा प्रत्यय त्या दिवशी हजारो प्रेक्षकांना आला.

शेल्बी व त्यांच्या मंडळींनी त्या पराभवाचे निमित्त दुसऱ्या कोणावर टाकले नाही. त्यांनी मोडलेला भाग हातात घेऊन पाहिला, तो अधिक मजबूत करून घेतला आणि पुन्हा ते मैदानात उतरले. १९६३ च्या प्रारंभी त्याच रिव्हरसाइडवर डेव्ह मॅक्डोनल्ड व केन माइल्स ह्यांच्या कोब्रा गाड्यांनी पहिला व दुसरा क्रमांक पटकावला. इंजिनही आता ४·७ लिटरांचे झाले होते.

अमेरिकेतील वळणावळणांच्या रस्त्यांवर कोब्रा अजिंक्य ठरू लागली. परंतु युरोपात तिच्यापुढे एक नवा शत्रू उभा राहिला. तो शत्रू म्हणजे वारा. ल मां येथे कित्येक किलोमीटर लांबीचा सरळ रस्ता आहे. तेथे इटलीच्या फेरारी गाड्या केवळ तीन लिटरांच्या इंजिनावर कोब्राला मागे टाकीत. कोब्राचे अंग वरून उघडे होते व पुढून बोथट होते. वेग वाढू लागला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंजिनाची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्ची पडते. अशा वेळी आणखी मोठे इंजिन बसवावे, असे कोणालाही वाटले असते. पण शेल्बींकडे काम करणारे तरुण आरेखक पीटर ब्रॉक ह्यांनी वेगळा विचार मांडला. शक्ती वाढविण्याऐवजी विरोध कमी करावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच सांगाड्यावर, त्याच इंजिनावर त्यांनी निमुळत्या नाकाचे व एकाएकी कापल्यासारख्या शेपटीचे बंदिस्त अंग रचले. अनेक सहकाऱ्यांना हा आकार विचित्र वाटला. प्रत्यक्षात उघडी गाडी ताशी सुमारे २६० किलोमीटरांवर अडत असे, तेथे ही नवी गाडी ताशी ३०० किलोमीटरांच्या पलीकडे गेली. ‘डेटोना’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा फक्त सहा गाड्या तयार झाल्या. १९६४ मध्ये डॅन गर्नी व बॉब बाँड्युरंट ह्यांनी त्यांपैकी एक गाडी चालवून ल मां येथे आपल्या वर्गात पहिला व सर्व गाड्यांत चौथा क्रमांक मिळविला. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, ह्या वर्गाचे जागतिक अजिंक्यपद कोब्राकडे आले. तोवर कोणत्याही अमेरिकन निर्मात्याला ते मिळाले नव्हते.

मोठ्या इंजिनाची हाव येथेच थांबली नाही. कोब्रात सात लिटरांचे अतिप्रचंड इंजिन बसवावे, अशी कल्पना निघाली. १९६४ मध्ये जुन्याच सांगाड्यात असे इंजिन बसवून केन माइल्स ती गाडी सेब्रिंग येथील शर्यतीसाठी घेऊन गेले. सरावाच्या वेळी ती रस्ता सोडून एका झाडावर आदळली. माइल्स सुदैवाने बचावले. पाच लिटरांच्या आतल्या इंजिनासाठी जो सांगाडा भक्कम होता, तो सात लिटरांपुढे अपुरा पडला होता. तेव्हा सांगाडाच नव्याने रचावा लागला. मुख्य नळ्या तीन इंचांऐवजी चार इंच व्यासाच्या झाल्या, आडव्या पाट्यांच्या जागी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या आणि गाडीचे अंगही रुंद झाले. १९६५ मध्ये तयार झालेली ही गाडी दिसावयास जुन्या कोब्रासारखी असली, तरी आतून ती जवळजवळ नवीच गाडी होती.

शेल्बींचा हा प्रयोग पाहून इंग्लंडमधील रूट्स कंपनीने आपल्या ‘सनबीम अल्पाइन’ ह्या छोट्या गाडीत फोर्डचे तेच ४·२ लिटरांचे इंजिन बसविण्याचे ठरविले. १९६४ मध्ये ‘सनबीम टायगर’ ह्या नावाने ती गाडी बाजारात आली. इंजिन तिच्यात इतके खेटून बसले होते, की मागच्या कोपऱ्यातील एका सिलिंडरच्या ठिणगीच्या खुंटीपर्यंत हात पोहोचावा म्हणून बैठकीच्या बाजूने भिंतीला एक भोक ठेवावे लागले. पुढे रूट्स कंपनी फोर्डच्या प्रतिस्पर्धी क्रायस्लर कंपनीच्या ताब्यात गेली. आपल्या गाडीत प्रतिस्पर्ध्याचे इंजिन नको, म्हणून क्रायस्लरने आपले इंजिन बसवून पाहण्याचा विचार केला. पण सिलिंडरांना क्रमाक्रमाने वीज वाटून देणारा भाग फोर्डच्या इंजिनात पुढे होता, तर क्रायस्लरच्या इंजिनात तो मागे होता, आणि मागे तर बोटभरही जागा शिल्लक नव्हती. शेवटी १९६७ मध्ये त्या गाडीची निर्मितीच थांबली. अश्वशक्तीचा आकडा जुळला तरी एवढ्याशा भागाची जागा न जुळल्यामुळे सारा बेत फसतो, तो असा.

मोटारीत मनाला येईल तसे फेरफार करणे धोक्याचे असल्यामुळे अनेक देशांत त्यांवर कायद्याचे नियंत्रण आहे. भारतातही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अशा फेरफारांवर निर्बंध घातले आहेत. हे निर्बंध म्हणजे हौशी लोकांच्या आनंदावर विरजण नव्हे. मोठ्या इंजिनाला न पेलणारे ब्रेक किंवा कच्चा आस ह्यांचे प्रायश्चित्त चालकाबरोबर रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसांनाही भोगावे लागते.

इंजिनाला मोटारीचे हृदय म्हणण्याची प्रथा आहे. कॅरॉल शेल्बींच्या आयुष्यात हा शब्द निराळ्या अर्थानेही खरा ठरला. ज्या दुबळ्या हृदयामुळे त्यांना शर्यती सोडाव्या लागल्या, ते अखेर थकले आणि १९९० मध्ये शस्त्रक्रिया करून त्यांच्या शरीरात दुसऱ्या मनुष्याचे हृदय बसविण्यात आले. अशा शस्त्रक्रियेतही नवे हृदय निरोगी असून भागत नाही. शरीराने ते स्वीकारावे लागते, आणि त्यासाठी रुग्णाला पुढे सतत औषधे घ्यावी लागतात. शेल्बींच्या शरीराने ते हृदय स्वीकारले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी आजारी मुलांच्या उपचारांना साहाय्य करणारी एक संस्था स्थापन केली. त्यानंतर ते वीस वर्षांहून अधिक काळ जगले आणि २०१२ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कोब्रा मोटारीची कीर्ती तिच्या इंजिनामुळे झाली, असे सामान्यतः मानले जाते. ते अर्धेच सत्य आहे. नव्या शक्तीला पेलण्यासाठी सांगाडा, आस, सुकाणू व ब्रेक हे सारेच नव्याने सिद्ध झाले, म्हणून ती शक्ती कामी आली. जेथे एखादा भाग कच्चा राहिला, तेथे त्याच शक्तीने गाडी मोडली. सामर्थ्य मिळविणे ही एक गोष्ट झाली; ते पेलण्याची व वेळीच आवरण्याची तयारी करणे ही दुसरी. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच सामर्थ्य हितकारक ठरते.

अभ्यास

१. ‘एस’ मोटारीत कोणते गुण होते व तिच्यात कोणती उणीव होती?
२. फोर्डचे नवे इंजिन मोठे असूनही वजनाने आटोक्यात का राहिले?
३. गाडीचा वेग दुप्पट झाला म्हणजे तिला थांबण्यास किती अंतर लागते? कारण सांगा.
४. रिव्हरसाइडच्या पहिल्या शर्यतीत कोब्रा का हरली? त्या पराभवानंतर शेल्बींनी काय केले?
५. ‘शक्ती वाढविण्याऐवजी विरोध कमी करावा’ हा विचार कोणी मांडला? त्याचा काय परिणाम झाला?
६. ‘साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते’ ह्या वाक्याचा अर्थ तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
७. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : नाव कमावणे, प्रत्यय येणे, खर्ची पडणे, बेत फसणे.